शंकेचा चेंडू समोरच्याचा

परवा सकाळी ऑफिसला जाताना रस्त्याच्या कडेला कुणीतरी मुरूम पसरून त्यावर टँकरने पाणी मारलं होतं. दिवाळी नुकतीच संपलेली, हवेत पहिला गारवा. तो ओला लाल वास नाकात शिरला आणि मी स्कूटर बाजूला घेऊन थांबले. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, इथे काय सिग्नल लागलाय का?" मी दुसऱ्याच एका माणसाच्या ओरडण्याची वाट बघत होते. "ए पत्रकवाली, उभी काय राहिलीस? रोलर काय तुझा बाप वढनार हाय?"

तो ओरडणारा माणूस गेल्याला दोन दिवाळ्या झाल्या.

मोकल सर. पनवेलमध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याची जुनी कॉलनी आहे. तिच्या क्लबात लाल मातीचं एकच टेनिस कोर्ट होतं, आणि त्यावर सर शिकवायचे. कारखान्याचे साहेबलोक खेळायचे त्या काळात सर जवळच्या गावातून चेंडू वेचायला यायचे. कारखाना गेला, साहेब गेले, सर राहिले. त्यांची मुलगी रेवती, म्हणजे रेवा, माझी डबल्समधली जोडीदार. आता सर नाहीत आणि कोर्टही नाही. रेवा आहे, मी आहे, आणि दर वर्षी येणारा हा मोसम आहे. कोर्ट गेलं हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे तो येतो, नाकाशी घुटमळतो, आणि मला वळसा घालून ऑफिसला जावं लागतं.

पावसाळ्यात कोर्ट मरायचं. गवत उगवायचं, शेवाळ चढायचं, बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, पलीकडे बेडूक राहायला यायचे. दसऱ्यानंतर सर ते खणून काढायचे. चाळलेली नवी माती, त्यावर पाणी, त्यावर रोलर, आणि शेवटी मीठ. खाडीकडच्या मिठागरातलं जाडं, मळकट मीठ. मातीतला ओलावा ते धरून ठेवतं. आम्ही पोरं भात पेरल्यासारखं ओंजळीओंजळीने ते उधळायचो. रॅकेटने तळहाताला आलेल्या फोडांत ते असं झोंबायचं की रेवा सी-सी करत फुंकर मारत बसायची.

"झोंबतंय? बरं हाय," सर म्हणायचे. "जित्या मानसालाच झोंबतं."

हे वाक्य तेव्हा आम्हाला विनोद वाटायचं.

मग फक्कीच्या पांढऱ्या रेषा पडायच्या आणि मोसम सुरू व्हायचा. लाल मातीची एक गंमत आहे, ती सगळं लिहून ठेवते. चेंडू जिथे पडला तिथे लांबट खूण, पाय घसरला तिथे ओरखडा. खेळ संपला की काथ्याची लांब पट्टी ओढून कोर्ट झाडायचं असतं, पण सरांकडे थेट झाडायला बंदी होती. आधी वाचायचं. घामाने निथळत आम्ही दोघी कोर्टभर फिरायचो आणि सर मागून विचारायचे, "काय लिवलंय?"

"सर, माझे सगळे चेंडू मधेच पडलेत."

"आन तुला वाटत व्हतं तू कोपऱ्यात मारतेस."

खरंच वाटत होतं. मनात आपण नेहमीच कोपऱ्यात मारत असतो. माती मात्र तोंडावर सांगायची की बाई, तू भित्री आहेस. ते वाचून झालं, मान खाली घालून झाली, की मग झाडायचं. बाहेरून आत, गोल गोल, आपल्याच पावलांवरून पट्टी फिरवत. शेवटी कोर्ट असं कोरं व्हायचं की तिथे कुणी कधी खेळलंच नव्हतं. मला त्या कोरेपणाची भीती वाटायची. आजही वाटते.

हे वाचायचं शिक्षण मला नवं नव्हतं, म्हणून सरांचं माझ्याशी जमलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आई-बाबा दोघंही चळवळीतले. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा करायची म्हणजे पत्रकांचे गठ्ठे हलवायचे. पाण्याचं पत्रक, जमिनीचं पत्रक, रॉकेलच्या रांगेचं पत्रक. घड्या घालणं हा माझा पहिला खेळ आणि एसटी स्टँडवर वाटणं हा दुसरा. वाटून झालं की आई मला घरी नेत नसे. त्याच रस्त्याने उलटं चालायला लावायची. "बघ कुठे पडलीत." हातात घेतल्याजागीच टाकलं असेल तर मथळा वाईट. कोपऱ्यापर्यंत नेऊन टाकलं असेल तर अर्धं वाचलंय. तलावाच्या काठावर बाकाखाली सापडलं तर कुणीतरी बसून वाचलंय, आणि त्या दिवशी आई मला कुल्फी घ्यायची. चुरगळून टाकलेल्या पत्रकावर तिचा विशेष जीव. "हा चिडलाय. म्हणजे याने शेवटपर्यंत वाचलंय."

आईचा आणखी एक नियम होता. ज्या पत्रकाखाली नाव नाही, ते वाटायचं नाही. मजकूर कितीही आपल्या बाजूचा असो. "बोलणारा कोण ते सांगायची लाज वाटत असेल तर बोलू नये." कोर्टावरच्या पहिल्याच दिवशी हे मी सरांना सांगितलं आणि माझं नाव पत्रकवाली पडलं.

आज मी खारघरला एका लहानशा डिजिटल मार्केटिंग कंपनीत काम करते. लोकांच्या फोनवर जाहिराती पाठवते. आई म्हणते, "पत्रकंच वाटतेस की. फक्त कागद गेला." ते खरं आहे, आणि मला लागतंही. कारण या धंद्यातही मी दर सकाळी उलटंच चालते. कुणाचा अंगठा कुठे थांबला, कोण कितपत वाचून निघून गेलं, सगळं पडद्यावर उमटतं. पण इथे कुणाला मान खाली घालायची नसते. खुणा वाचायच्या त्या समोरच्याची नाडी सापडावी म्हणून, स्वतःचा खोटेपणा सापडावा म्हणून नाही. चाळिशीच्या माणसाला पाठदुखीची भीती दाखवा, दहावीतल्या पोराच्या आईला शेजारणीच्या मुलाचे टक्के दाखवा. मी पहिल्याच महिन्यात भांडले. "भीती विकायची असेल तर मला नको सांगू," असं साहेबाला म्हणाले. तो हसला. "समता, तू टेनिस खेळायचीस ना? मग जिंकायला काय प्रॉब्लेम आहे?"

काय प्रॉब्लेम आहे ते सांगायला मला अकरावीच्या हिवाळ्यात जावं लागतं.

त्या हिवाळ्यात क्लबच्या स्पर्धेत रेवा आणि मी डबल्सच्या अंतिम सामन्यात होतो, आमच्याच कोर्टावर. समोर खारघरच्या दोन मुली. पांढरेशुभ्र बूट, प्रत्येकीकडे दोन-दोन रॅकेटी. सुरुवातीला त्यांनी आम्हाला धुतलं. दर दोन गेमनंतर बाजू बदलताना बाकावर टेकायला मिळतं, एक घोट पाणी मिळतं. तिथे सरांचा कायदा होता. एकच गोष्ट बदलायची. हरणारा माणूस घाबरून सगळंच बदलतो, पकड बदलतो, जागा बदलतो, देव बदलतो. मग काय चुकत होतं ते त्याला कधीच कळत नाही. "येक बदल. खेल. बघ. मंग दुसरं." आज ऑफिसात आम्ही एकाच जाहिरातीची दोन रूपं करून फक्त एक शब्द वेगळा ठेवतो आणि कुठली चालते ते बघतो. नव्या मुलांना मी ते समजावते तेव्हा माझ्या तोंडून सरांचं ‘येक’ निघतं आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

आम्ही एकच बदल केला. नेटवर उभं राहायचं सोडून दोघीही मागे गेलो आणि उंच, कंटाळवाणे चेंडू टाकत राहिलो. दुपार कलली तसा खाडीवरून वारा सुटला. तो वारा आमच्या ओळखीचा, त्यांच्या नाही. त्यांचे सुंदर फटके बाहेर जायला लागले. दुसरा सेट आमचा. तिसऱ्यात आम्ही पुढे. शेवटचा पॉइंट आला. तो घेतला की सामना आमचा.

आम्ही दोघी नकळत पुढे सरकलो होतो. खारघरच्या उंच मुलीने आमच्या डोक्यावरून चेंडू उडवला. वाऱ्याने तो धरला, सोडला, आणि तो आमच्या बेसलाइनशी पडला. मी वळून पाहिलं आणि बोट वर केलं. बाहेर. लोक टाळ्या वाजवायला लागले, माझी आईसुद्धा.

अशा स्पर्धांना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं, आणि समोरच्याने ते मानायचं. या खेळात मला सगळ्यात सुंदर वाटलेली आणि सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच. ज्याचा फायदा, त्याच्याच हातात निवाडा. म्हणून त्याला एक वेसण घातलेली असते, शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा. आणि डबल्समध्ये जोडीदारांचं आपापसात जुळत नसेल, तर तीही शंकाच.

रेवा मागे गेली. खुणेपाशी वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती. मग माझ्याकडे न बघता तिने हात पुढे केला आणि तळहात जमिनीकडे धरला. आत.

"रेवा, बाहेर होता! मी पाहिलाय!"

"मला नाही दिसला बाहेर."

"अगं पण मी..."

"मग जुळत नाहीये आपलं," ती म्हणाली. संपलं.

पॉइंट त्यांचा. त्यानंतरचं काही नीट आठवत नाही. आम्ही हरलो. त्या दिवशी सरांनी आम्हाला कोर्ट वाचायला लावलं नाही. तेवढ्याच दिवशी. सरळ पट्टी हातात दिली आणि म्हणाले, "झाडा." रेवाने ती खूण झाडून टाकली. नंतर कित्येकदा मी त्यांना विचारलं, "सर, खरं सांगा, बाहेर होता ना?" ते टोपी सारखी करत म्हणायचे, "मी तवा पानी पीत व्हतो."

मला तो चेंडू आजही बाहेर दिसतो. झोपेत, मीटिंगमध्ये, भाजी चिरताना. पण माती कोरी झाली, साक्षीदार पाणी पीत होता, आणि माझ्या डोळ्यांवर मी किती विश्वास ठेवावा? जिंकायची घाई झालेले डोळे होते ते. ही शंका माझ्या घरात भाडेकरूसारखी राहते. तिला काढायला माझ्याकडे कागद नाही.

सर गेले ते असेच दसऱ्यानंतर. रोलर ओढताना खाली बसले, ते उठले नाहीत. रेवा तेव्हा कामोठ्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. ती नोकरी सोडून कोर्टावर आली. लाल माती घरची म्हातारी असल्यासारखी असते, रोज पाणी लागतं, रोज हात फिरवावा लागतो. मुलं गळायला लागली होती. वर्षभर तिने रेटलं. मग क्लबच्या अध्यक्षांनी तिला बोलावून चहा पाजला. गोड बोलणारा माणूस. "बाळा, होळीपर्यंत बघू. सकाळ-संध्याकाळच्या बॅच भरल्या तर कोर्ट तुझं. नाहीतर बॉक्स क्रिकेटवाला दारात उभाच आहे. हिरवं गालिचाछाप मैदान, दिवे-बिवे. पोरांना हेच हवं आता."

रेवा थेट माझ्याकडे आली. "समे, तू जगाच्या जाहिराती करतेस. एक माझी कर."

तो मागचा हिवाळा. ऑफिस सुटल्यावर मी कोर्टावर जायची आणि बाकावर लॅपटॉप उघडून बसायची. पहिली जाहिरात आमच्या धंद्यात चालते तशीच केली, चकचकीत, करंडक हातात धरलेली पोरगी, ‘उद्याची विजेती तुमच्या घरात’. खारघरच्या टॉवरांमधल्या लोकांना दाखवली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्या टॉवरांत खाली स्वतःची कोर्टं आहेत. मग सामन्यात बाजू बदलताना बसतो तसे आम्ही बाकावर बसलो आणि एकच गोष्ट बदलली. चित्र तेच, शब्द तेच, फक्त ती कामोठ्याला आणि जुन्या पनवेलला दाखवली. थोडी हालचाल झाली. मग करंडक काढून नुसती माती दाखवली. आणखी दोन-चार फोन. आणि मग एका आठवड्यात सगळं थंड पडलं. आम्ही काहीही बदललं नव्हतं, वारा बदलला होता. फोनवर जाहिराती दाखवणाऱ्या कंपन्या कुणाला काय दाखवायचं ते रातोरात बदलतात आणि कुणाला सांगत नाहीत. ओळखीच्या वाऱ्यात खेळायची सवय असलेल्या माझ्या हातांना हा वारा कळेना.

तेव्हा रेवा म्हणाली, "पप्पांचा आवाज आहे माझ्याकडे."

तिच्या फोनमध्ये सरांचे ढीगभर निरोप होते. रेवा, येताना चेंडूचे डबे आन. रोलरला त्याल घाल. जेवलीस का. आजकाल एवढं पुरतं. थोडा आवाज मशीनला दिला की ते त्या आवाजात काहीही बोलतं. टोपीतला जुना फोटो लावला, ओठ हलवले. ऑफिसात दुपारी मी ते पहिल्यांदा ऐकलं. सर म्हणाले, "मुलांनो, या लाल मातीवर तुमचं मनापासून स्वागत आहे. आम्ही तुमची वाट पाहतो आहोत."

शेजारच्या टेबलावरची मुलगी वळली. "कोण आहेत गं? किती गोड बोलतात!"

आवाज त्यांचाच, तोच खरखरीत, तंबाखू सोडल्यावरही राहिलेला. पण सर कधी ‘आम्ही’ म्हणाले नव्हते, ‘आमी’ म्हणायचे. ‘आहे’ नव्हे, ‘हाय’. आणि स्वागत तर त्यांनी जन्मात कुणाचं केलं नव्हतं. कोर्टावर पाय ठेवणाऱ्याला पहिलं वाक्य असायचं, "बूट दाखव." मेलेल्या माणसाला आम्ही परत आणलं होतं आणि येताना त्याची बोली काढून घेतली होती.

रेवाने ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. डोळे पुसले आणि म्हणाली, "लाव."

ते चाललं, आणि असं चाललं की आमचा साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. फोन यायला लागले. रेवा वहीशिवायच नावं लक्षात ठेवत होती, तिच्या चालण्यात उडी आली होती. होळीला अजून वेळ होता. कोर्ट वाचत होतं.

घरी आई मेथी निवडत बसली होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने चष्मा वर केला.

"कोण हा?"

"अगं, मोकल सर."

"हा मोकल नव्हे. मोकल माझ्याशी इतकी वर्षं भांडला, एकदाही असं पुस्तकातलं बोलला नाही." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "खाली नाव कोणाचं आहे?"

"क्लबचं."

"क्लब बोलतोय का यात?"

मी फोन खाली ठेवला. ती मेथी निवडत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, म्हणजे मला भांडता येईल. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रेवाला म्हटलं, "हे थांबवू या." ती फक्कीची रेषा मारत होती. तिने मान वर केली नाही.

"का?"

"लोकांना वाटतंय सर जिवंत आहेत."

"आपण कुठे म्हटलंय जिवंत आहेत? आणि मेलेत असंही नाही म्हटलं. त्यांचाच फोटो, त्यांचाच आवाज, त्यांचंच कोर्ट. त्यांना नसतं का आवडलं कोर्ट वाचलेलं?"

"आवडलं असतं. पण ते बोललेले नाहीत हे, रेवा. आपण बोलतोय."

"तुझं बरं आहे गं!" फक्कीचा डबा तिने आपटला, पांढरा ढग उठला. "तुम्हा लोकांचं तत्त्व असतं. माझं कोर्ट आहे. हरलीस तर तू पत्रक काढशील. मी कुठे जाऊ?"

खरं होतं. माझ्या तोंडातून तिचंच जुनं वाक्य बाहेर पडलं. "मग जुळत नाहीये आपलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही आठवलं. आमच्यामध्ये नेट होतं, मावळतीचं ऊन होतं आणि अकरावीतला तो चेंडू होता. त्या वेळी तो तिला आत दिसला होता आणि मला बाहेर. आज उलट.

फोन वाजला. जाहिरातीचाच नंबर. तिने स्पीकर सुरू केला, कदाचित मला ऐकवायलाच.

"हॅलो मॅडम? मी अफरीनची अम्मी बोलते, जुन्या पनवेलमधून. ते व्हिडिओत बोलतात ना सर, ते स्वतः असतात ना ग्राउंडवर? काय आहे, माझी पोरगी फार घाबरट. तिचे अब्बू बाहेरगावी, घरात मोठ्या आवाजाची सवयच नाही. व्हिडिओ बघून म्हणाली, अम्मी, हे सर ओरडणार नाहीत."

रेवाच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं ते मला लिहिता येणार नाही. हसू आलं आणि मध्येच अडकलं. एक ‘हो’ म्हणायचा होता. ‘हो, असतात’, की एक मुलगी बॅचमध्ये. समोरच्या बाईला कोर्टाची ही बाजू दिसत नव्हती. चेंडू आमच्या बाजूला पडला होता.

तिने फोन डाव्या हातात घेतला. उजवा हात नकळत पुढे आला आणि तळहात जमिनीकडे झाला. मी पाहिलं. तिला कळलंही नसेल.

"नाहीत," ती म्हणाली. "ते माझे वडील. ते वारले. तो आवाज मशीनने केलाय, आम्ही करून घेतला. आणि पप्पा ओरडायचे. खूप ओरडायचे. अख्ख्या कॉलनीला ऐकू जायचं."

पलीकडून हळू आवाजात, "या अल्ला. माफ करा हां. मला माहीत नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही ओरडता का?"

"थोडं."

"बरं. उद्या घेऊन येते. बघू."

त्याच संध्याकाळी आम्ही तो व्हिडिओ काढून टाकला. ज्यांनी आधी नावं दिली होती त्या सगळ्यांना रेवाने स्वतः फोन करून सांगितलं. काही हळहळले, काही चिडले, एकाने शिव्या घातल्या. बरेच जण आले नाहीत. नव्या जाहिरातीत रेवा कॅमेऱ्यासमोर कोर्ट झाडत होती, धापा टाकत बोलत होती. मी रेवती मोकल. माझे वडील इथे शिकवायचे. ते आता नाहीत, मी आहे. खाली तिचं नाव, मोठ्या अक्षरात. फोन थोडे आले. पण जे फोन करत होते ते येत होते, आणि जे येत होते ते टिकत होते. बॅच हळूहळू भरत होत्या. होळी त्या भरायच्या आधी आली.

कुणी मला विचारलं, की त्या तत्त्वाचा उपयोग झाला का, तर मी खोटं बोलणार नाही. नाही झाला. मशीनचा आवाज चालू ठेवला असता तर बॅच भरली असती आणि कोर्ट आज असतं. मी हे रोज स्वतःला सांगते, कारण आमच्यासारख्यांना हरण्यातही गोडी वाटायला लागते आणि ती गोडी घातक असते. कोर्ट गेलं. रेवाचं कोर्ट. एवढंच खरं.

शेवटच्या संध्याकाळी मुलं गेल्यावर आम्ही ते वाचलं. अफरीनच्या बाजूला सगळे चेंडू मधेच पडले होते. रेवा म्हणाली, "हिला वाटतं ही कोपऱ्यात मारते." मग पट्टी ओढली. बाहेरून आत, गोल गोल, आमच्याच पावलांवरून. सगळं कोरं झालं. क्रिकेटवाल्याची माणसं दुसऱ्या दिवशी हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा घेऊन आली. त्यांना काही झाडायचं कारण नव्हतं, पण आम्ही झाडून दिलं.

या पावसाळ्यानंतर त्या गालिच्याच्या कडांना पांढरा थर चढला म्हणे. क्रिकेटवाल्याने रेवाला फोन करून विचारलं, "मॅडम, हे काय बाहेर येतंय? बुरशी आहे का?" रेवा म्हणाली, "मीठ आहे. येत राहील." तो म्हणाला, किती वर्षं? ती म्हणाली, माहीत नाही.

आणि तो आवाज? तो माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. पुसून टाकायचा ठरवते आणि पुसत नाही. कधीमधी वाटतं की तो आत बसून वाट पाहतो आहे, त्या शुद्ध, गोड भाषेत, ‘आम्ही तुमची वाट पाहतो आहोत’. जो माणूस असं कधी बोलला नाही, तो असं बोलत माझ्याकडे अडकून पडलाय. त्याला मी सोडवू की मारू, हे मला अजून कळलेलं नाही.

रेवा आता खारघरला सिमेंटच्या एका कोर्टावर शिकवते. सकाळी तासभर मिळतं, मोजकीच मुलं. गेल्या रविवारी मी गेले होते. हवेत तोच गारवा, पण वास नाही. सिमेंटला वास नसतो. अफरीन तिच्याहून मोठ्या एका मुलाशी सामना खेळत होती. अटीतटीचा. रेवा बाहेरून ओरडत होती, "पाय हलव! पाय!" आणि अफरीनची अम्मी माझ्या शेजारी बसून हसत होती. "थोडं म्हणाली होती."

शेवटच्या पॉइंटला त्या मुलाने जोरात मारला. चेंडू अफरीनच्या मागे, रेषेशी पडला आणि कुंपणाच्या जाळीवर आदळला. मुलगा थांबला. रेवा थांबली. मी चेंडूकडे पाहतच होते, आणि तरीही आत की बाहेर ते सांगू शकत नाही.

अफरीन मागे गेली, वाकली, आणि खूण शोधायला लागली. लाल मातीवर शिकलेली सवय. सिमेंटवर खूण उमटत नाही. तिथे काही नव्हतं, नुसता निळा रंग. ती तरी वाकून बघत राहिली, जणू कुणीतरी मागून विचारत होतं, काय लिवलंय?

मग ती उभी राहिली. समोरच्या मुलाकडे पाहिलं, आणि तळहात जमिनीकडे धरला.